शकुंतलाबाईंचा पाळणा

म्हैसूरच्या महोत्सवात देशोदेशीचे हौशी गायकवृंद बायकांनी रचलेली गाणी गात होते. पोलंडच्या बायकांनी शकुंतलाबाईंचा मराठी पाळणा गायला. त्यांनी शब्दाशब्दाचा अर्थ आधीच विचारून घेतला होता. गाणं संपल्यावर त्यांतली एक शकुंतलाबाईंचे हात धरून रडली.

"अम्मा, सूपर!" काव्या धावत आली. ती कन्नडमध्येच वाढलेली; आईची मराठी तिला जेवणाखाणापुरतीच समजे. "ती का रडली? काय आहे गाण्यात?"

"अय्यो, काही नाही गं. नुसता पाळणा आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या.

घर सोडून निघालेली आई लेकीच्या रडण्याने उंबऱ्यावरून मागे फिरते आणि त्या रडण्याला जन्मभर माफ करत नाही, असं गाण्यात होतं. शकुंतलाबाईंनी तो रचला तेव्हा काव्या चार महिन्यांची होती.