कारण सांगतो

"काका, ग्रूप खोला. हात जोडतो तुमच्यापुढं."

बेकरीवाला खालिद ओट्याखाली उभा होता. कामरगावच्या 'गावकट्टा' ग्रूपचे ॲडमिन इंद्रभानजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. तीन दिवसांपूर्वी शिवमने ग्रूपवर लिहिलं होतं, 'आज खालिदभाईच्या बेकरीवर कोणी जाऊ नका. कारण सांगतो.' त्याने कारण सांगायच्या आत इंद्रभानजींनी ग्रूप बंद केला. गावात शांतता राहावी म्हणून. तेव्हापासून ॲडमिनशिवाय कोणालाच लिहिता येत नव्हतं, आणि ग्रूपवरचा शेवटचा मेसेज तोच होता.

गाव शांत होतं. बेकरी तर फारच.

"बहिणीच्या साखरपुड्याले शिवमनं माझी सगळी नानखटाई उचलली, काका. गंमत करून राह्यला होता तो."

"मले ठाऊक आहे. त्यानं फोन केला होता."

"मंग त्याचा मेसेज काढून टाका."

"काढला तं लोक म्हणतीन, दाबलं."

"मंग खरं काय ते तुमीच लिहा."

"ॲडमिननं कोणाची बाजू घेऊ नाही, खालिद."

खालिद ओट्याच्या पायरीवर बसला. "तीन दिवसांचा पाव बकऱ्यांले घातला मी. सारं गाव कारण शोधून राह्यलं. कोणी म्हणते तेल खराब, कोणी म्हणते पाणी. अन् आज सकाळी एक जण मले विचारते, पोलिसांनी तुले सोडलं कधी?"

इंद्रभानजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ग्रूप खुला केला आणि शिवमला फोन लावला.

"लिही आता. एकच ओळ. अन् ते हसणारं तोंड टाकू नको."

ओळ आली. 'बेकरीतली सगळी नानखटाई मीच नेली होती, ताईच्या साखरपुड्याले, म्हणून म्हटलं जाऊ नका.'

दोघंही मोबाइलकडे पाहत राहिले. किती जणांनी वाचलं ते शिवम फोनवरून सांगत होता. दहा जणांनी वाचलं, चाळीस जणांनी वाचलं, दीडशे जणांनी वाचलं. लिहिलं कोणीच नाही.

घरातून प्रयागबाई आपला मोबाइल घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. खालिदला पाहून जराशा थबकल्या. मग नवऱ्याकडे वाकून, आवाज बारीक करून म्हणाल्या,

"इतकंच होतं, तं तीन दिवस ग्रूप बंद काहून ठेवला?"