उशिरा फळ देणारा आंबा

"तुम्ही माणसं मुळासकट उपटता, साहेब. आणि त्याला बदली म्हणता!"

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या हेड ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, गजेंद्र हे मोठ्यानं बोलला. बदल्यांचा विभाग सांभाळणारे साहेब चहा पीत होते. त्यांनी कपही खाली ठेवला नाही.

"सहा वर्षांपूर्वी तीन अर्ज केले मी. महाराष्ट्रात पाठवा म्हणून. साधी पोच दिली नाहीत. आणि आता बायकोचा जीव इथं रमला, तर लगेच भुसावळ?"

"भुसावळ महाराष्ट्रातच आहे ना हो?"

"आहे. पण तुम्हाला उशीर झाला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "अदलाबदल करणारा कोणी असेल तर आणा. सही करतो. भाषण नको."

असा एक जण बाहेरच्या बाकावर बसलाच होता. हेरंब. मूळचा अकोल्याचा, चेन्नईच्या उकाड्याला आणि एकटेपणाला विटलेला. भुसावळचं नाव ऐकल्यापासून त्याला धीर धरवत नव्हता.

चार दिवस तो बदलीचा कागद गजेंद्रनं पाकिटात लपवून ठेवला होता. विद्युलताला दाखवायची छाती झाली नव्हती.

पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी चार गावं बदलली होती. प्रत्येक क्वार्टरच्या मागं विद्युलतानं एक फळझाड लावलं. देहूरोडला पेरू, जबलपूरला सीताफळ, हैदराबादला चिकू, कोचीला फणस. एकाचंही फळ तिच्या तोंडी पडलं नाही. झाड कमरेएवढं झालं की ऑर्डर यायचीच. पाचवं गाव चेन्नई. इथं अड्यारच्या क्वार्टरमागं पंधरा बाय वीसची जागा होती, पण सहा वर्षं तिनं तिथल्या मातीला हात लावला नाही. "आधी बघू तर, इथलं काय होतंय ते," एवढंच म्हणायची.

आणि या एप्रिलमध्ये ती एकाएकी उठली. कॅलेंडरच्या पाठीवर तिनं जागेचा नकाशा काढला. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार, सावली कुठवर येते ते खडूनं आखलं. न्हाणीचं पाणी जातं तिथं केळ. पश्चिमेचं ऊन अडवायला शेवगा, त्याच्या आडोशाला वांगी आणि भेंडी. बोअरचं पाणी खारट, म्हणून लिंबाला नळाचंच.

वरच्या मजल्यावरच्या अलमेलूअक्का, तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या, गच्चीच्या कठड्यावरून ओरडल्या, "आत्ता नक्को लावूस गे! ह्या उन्हांत करपून जाईल. आडी महिना, तुमचा आषाढ गे, येऊं दे, मग लाव."

"बाकीचं आडीत लावते, अक्का. आंबा आजच."

"अशी काय घाई गे तुला? आंबा काय पळून जातो?"

विद्युलता हसली नुसती.

नर्सरीत गजेंद्र बरोबर होता. नर्सरीवाला दोन वर्षांत धरणारं कलम दाखवत होता. तिनं मान हलवली. "उशिरा फळ देणारा द्या. पाच-सहा वर्षांनी धरणारा." गजेंद्र हरखला. ही बाई आता इथं राहायचा विचार करतेय!

त्या दिवशी तिनं जळगावला आईला फोन केला. म्हातारी गेल्या दिवाळीत पडली, तेव्हापासून काठी धरून एकटीच घरात वावरते. "लावला गं आई. आता बघू." आवाज कसा हलका झाला होता! त्यानं असा आवाज सहा वर्षांत ऐकला नव्हता.

ऑर्डर आली त्या दिवशी त्यानं चाचपून बघितलंही होतं. "समजा, आपल्याला जावं लागलं तर?"

तिनं चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. ओल्या मातीचा हात. "बदलीचं नाव काढायचं नाही या घरात. आंबा लावलाय ना? मग झालं तर."

भुसावळहून जळगाव अर्ध्या तासावर. सहा वर्षांपूर्वी हा कागद आला असता, तर ती आईकडं जायला मिळणार म्हणून नाचली असती. आता मात्र नावसुद्धा नको म्हणत होती. पाचव्यांदा तिचं झाड तिच्या हातून हिसकावून घ्यायचं? नाही. चुलीत गेलं भुसावळ.

दुपारी अडीचला सह्या झाल्या. हेरंबनं त्याला खाली कँटीनमध्ये ओढत नेऊन कॉफी पाजली, वर दोनदा मिठी मारली. परतीच्या बसमध्ये गजेंद्रला चार दिवसांत पहिल्यांदा डुलकी लागली. उतरल्यावर त्यानं नर्सरीतून शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी घेतली. खांद्यावर ती फांदी घेऊन तो शीळ घालत घरी आला. छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

विद्युलता मागं आंब्याला पाणी घालत होती. कोवळी, तांबूस पालवी फुटली होती.

"हे घे, शेवगा," तो म्हणाला. "आणि ऐक. सांगितलं नव्हतं तुला, घाबरशील म्हणून. बदली आली होती. भुसावळ."

तिच्या हातातली बादली कलंडली. तोंडावर हात नेऊन ती हसली की रडली, त्याला कळेना.

"अगं, घाबरू नकोस! रद्द करून आलो. हेरंबला दिली. सह्यासुद्धा झाल्या. आता आपण इथंच, रिटायर होईपर्यंत."

तिनं वाकून बादली सरळ केली. मग हलकेच म्हणाली, "चार वेळा झाड लावलं, चारही वेळा ऑर्डर आली. इथं सहा वर्षं लावलं नाही, तर कुणी हललंसुद्धा नाही. शेवटी आईसाठी लावलं, आणि सात आठवड्यांत भुसावळ आलं. आंबे खायचे होते का मला? बोला ना अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"