अक्रोडाचं आळं

काश्मीरला बोगद्याच्या कामावर असलेल्या दत्तानं पहिल्या सुट्टीत कुसगावच्या घरी अक्रोडाचं रोप आणलं. "आये, ही जात बर्फात बी मरत न्हाई, पन थंडी न्हाई मिळाली तर फुटायची न्हाई," असं सांगून तो परत कामावर गेला. म्हणून त्याची आई विठाबाई दर हिवाळ्यात हायवेवरच्या रसवंतीतून बर्फाच्या लाद्या आणून झाडाच्या आळ्यात ठेवायची. सगळं गाव हसायचं, पण चैत्रात झाड फुटायचं.

दोन वर्षांपूर्वी तिकडं डोंगरावरचा बर्फ कोसळला आणि दत्ता त्याखाली गेला. तो सापडलाच नाही. तेव्हापासून विठाबाईनं बर्फाला हात लावला नाही. झाडाचा नुसता खराटा झाला.

यंदा चैत्रात, भर उन्हात दत्ताची बायको सुषमा झाडाला पाणी घालायला गेली आणि हंडा तिथंच टाकून पळत आली.

"आत्याबाई, झाड फुटलंय! आन् आळ्यात एवढा बर्फ हाय! तुमी टाकला का?"

विठाबाई झाडाशी गेली. बर्फावर हात ठेवून म्हणाली, "म्या न्हाई टाकला. लई गारठलाय गं माझा दत्ता."



मग घरात जाऊन तिनं दत्ताची गोधडी आणली आणि आळ्यावर नीट पांघरली.