शनिवारचं पाणी

अवधूतने नळाच्या खांबाला लाथ मारली. नळाला त्याचं काहीच वाटलं नाही. करंगळीएवढी धार पाइपातून बोटीच्या टाकीत पडत राहिली.

"सकाळपासून उभा आहे इथे! इट्स अ जोक!" तो ओरडला. ऐकायला कालव्यातली दोन बदकं होती आणि मागच्या बोटीतला कीथ.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डजवळच्या या कालव्यावर अवधूत आणि कस्तुरी तीन वर्षं बोटीतच राहत होते. घर घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून ही लांबोडकी हिरवी बोट घेतली आणि बघता बघता तिच्यावर जीव जडला. कस्तुरीने छतावर कोथिंबीर लावली होती. पाण्यासाठी मात्र दर शनिवारी बोट इथे आणायची, नळाला पाइप लावायचा आणि टाकी भरेपर्यंत बसून राहायचं. नळ संथ आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी पूर्वी पोहे खाऊन पेपर चाळेपर्यंत काम व्हायचं. या उन्हाळ्यात दुपार उलटायला लागली होती. आई मे महिन्यात साताऱ्याहून प्रथमच आली, तिला कुठे कुठे न्यायचं ठरवलं होतं, आणि एकूण एक शनिवार या नळाने खाल्ला.

आज तर तो लवकर उठणार होता. पहाटे पाण्याच्या पंपाची घरघर ऐकून त्याला जागही आली होती. साताऱ्याला एका बादलीत आंघोळ उरकणारी आई इथे शॉवरखाली रमली होती. रमू दे, असं म्हणत त्याने कूस बदलली.

त्याचा राग अगदीच वेडगळ होता असं नाही. कालव्याच्या ऑफिसला त्याने इतके फोन केले की तिथली बाई त्याचा आवाज ओळखायला लागली. शेवटी एक माणूस आला, त्याने बादली लावून बघितली, घड्याळ बघितलं आणि प्रेशर होतं तेवढंच आहे असं सांगून निघून गेला.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" अवधूत त्या दिवशी कस्तुरीवर उखडला होता. "लायसन्सचे पैसे घेताना बरं यांचं प्रेशर कमी होत नाही!"

आता कीथ दोन मग घेऊन काठावर उतरला. बोट काठाला लावायची कशी, दोराला गाठ कुठली मारायची, हे सगळं अवधूतला कीथनेच शिकवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात शेगडी विझली तेव्हा रात्रभराचे कोळसेही त्याच्याच बोटीतून आले होते. रांगेत आज अवधूतनंतर त्याचाच नंबर होता.

"नळ नेहमीचाच आहे, मेट," मग पुढे करत कीथ म्हणाला. "पण पूर्वी तू माझा दुसरा चहा व्हायच्या आत निघायचास. आता काय होतं तुला?"

अवधूतच्या डोक्यात तिडीक गेली.

"मला काय होतं? तू दिवसभर इथेच असतोस. व्हॉल्व्ह तूच आवळून ठेवतोस, कीथ! आम्ही कंटाळून जावं म्हणून!"

कीथने अवधूतचा मग खांबाशी ठेवला, आपल्या बोटीत गेला आणि दार ओढून घेतलं.

कस्तुरीने सगळं ऐकलं होतं. "सॉरी म्हण त्याला. आत्ताच्या आत्ता."

"नाही म्हणणार! बास झालं आता. मेडनहेडच्या त्या कपलला फोन करतो. कधीपासून बोट मागतायत ना? घेऊन टाका म्हणावं."

"अवधूत, नळासाठी घर विकतं का कोणी?"

"मी विकतो!"

आणि त्याने खरंच फोन लावला. माणूस एकदा रागाने बोलून बसला की शब्द मागे घेणं त्याला बोट मागे घेण्यापेक्षा अवघड जातं. दुपारी ते दोघं गाडीने आले, तेव्हाही टाकी भरतच होती. त्यांनी इंजिन बघितलं, शेगडी बघितली, छतावर हात फिरवला. नळाबद्दल अवधूतने त्यांना आधीच तावातावाने सांगून टाकलं. ते हसले. त्यांना घाई नव्हती. अवधूतने हात मिळवला, शब्द दिला, पुढच्या शनिवारी किल्ल्या देतो म्हणाला. कस्तुरीने कोथिंबिरीच्या कुंड्या एकेक करून छतावरून खाली उतरवल्या.

गाडी गेली आणि टाकीच्या तोंडातून पाणी बाहेर सांडलं. अवधूतने नळ बंद केला, पाइप गुंडाळला. कीथच्या बोटीकडे त्याने बघितलं नाही. खांबाशी ठेवलेला चहा केव्हाच गार झाला होता.

तेवढ्यात आई कप घेऊन बाहेर आली. आज तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"विकलीस ना? बरं झालं बाई. मला बोलवेना, पण फार जड जात होतं रे. दर शनिवारी तुम्ही उठायच्या आत सगळे नळ सोडून बसायचं. टाकी निम्मी भरलेली असते, लवकर का रिकामी होते! पण आठवडाभराचं शिळं पाणी, त्यात ताजं कसं ओतू द्यायचं?" तिने कप त्याच्या हातात दिला. "घे चहा. आत्ताच्या पाण्याचा आहे."