मागचा आवाज

लॉकडाऊन लागला तसं पंपांच्या कंपनीनं गावोगावच्या मेकॅनिक लोकांचं ट्रेनिंग मोबाईलवर आणलं. मुबश्शिरा सावेडीतल्या आपल्या फ्लॅटमधून रोज सकाळी त्यांना पंप खोलायला शिकवायची. आजही टेबलावर पंप होता, समोर लॅपटॉप होता आणि शेजारच्या खोलीत, बंद दाराआड, अब्बा होते. चार दिवसांपासून ताप होता, दवाखान्यात बेडसाठी नंबर लावला होता. आतून खोकला ऐकू आला की तिचा थांबलेला पाना पुन्हा फिरायला लागायचा.

"मॅडम, मागून कुनीतरी लई खोकतंय," पाथर्डीकडचा सहादेव मेकॅनिक म्हणाला. "तुमी काय सांगताय ते कळंनाच."

एमआयडीसीतल्या ऑफिसातून रविराज सर मध्येच बोलले, "अहो मुबश्शिरा, कंपनीनं नवीन सॉफ्टवेअर कशासाठी घेतलंय? मागचा आवाज बंद करायचं बटण आहे त्यात. दाबा, म्हणजे या लोकांनाही कळेल."

"हो सर, एकच मिनिट."

तिनं पाना खाली ठेवला. स्क्रीनवर इकडे दाबलं, तिकडे दाबलं. भलतंच काहीतरी उघडत होतं.

खोकला थांबला.

"आता कसं!" सर खूश झाले. "बघितलंत का सगळ्यांनी? एका बटणात काम."

"व्हय सर, एकदम क्लिअर," सहादेव म्हणाला. "बोला मॅडम."

मुबश्शिराला ते बटण अजून सापडलंच नव्हतं.