चौथा गडी

टीव्हीवर आभाळातून तीन लोखंडी डबे जमिनीत घुसले. झाकणं उडाली, तीन शिपाई बाहेर आले आणि समोरून बैलाएवढे किडे धावून आले.

"चौथा कुठं हाय?" खाली बसून बिरडं सोलणाऱ्या सीताबाईने विचारलं.

तिचा थोरला, निकेश, ऐकू न आल्यासारखा बटणं दाबत राहिला. कानाला मित्रांशी बोलायचा हेडफोन होता, पण ते कारण नव्हतं. वर्षभर हा खेळ चौघे मिळून खेळायचे. निकेश इथे रामवाडीत, दोघे तिकडे रोह्याला, आणि चौथा खाडीकाठचा आदेश. चौघे एका कंपनीत, एका शिफ्टला. मागल्या पंधरवड्यात आदेश टाकी साफ करायला उतरला आणि गॅसने आतच गुदमरला. त्याला वर ओढणाऱ्यांत निकेश होता. घरी येऊन त्याने एवढंच सांगितलं होतं की आदेश गेला.

सीताबाईला कुणाचं गप्प बसणं सहन होत नसे. शेतात किडे पडतात तेव्हा या वाघाला कुणी बांधावर बघितलं नाय, असं ती वालाच्या दाण्यांना ऐकवत राहिली.

एका किड्याने निकेशच्या शिपायाचे दोन तुकडे केले. लगेच बँड वाजला. जाड आवाजाचा एक माणूस इंग्रजीत काहीतरी बोलला. धाकट्या ऋत्विकने आईला समजावलं. सरकारचा माणूस हाय तो. म्हणतो, तू देशासाठी मेलास, तुझं नशीब थोर.

"मेल्यावर सांगतो?"

"आधी पण सांगतो."

तेवढ्यात नवा डबा पडला. तेच कपडे, तसंच हेल्मेट, आत माणूस दुसरा. मेला की दुसरा पाठवतात, ऋत्विक म्हणाला. मग मेलेल्याला कोण उचलतो, म्हणून तिने विचारलं, तर तो हसला. खेळात कुणी उचलत नाही.

निकेशचा अंगठा बटणावर थांबला. त्याच वेळी शेजारी चौथा डबा येऊन पडला. कुणीतरी अनोळखी गडी खेळात शिरला होता.

"हा कोण रं?"

"माहीत नाय," निकेश म्हणाला. "जागा रिकामी ठेवत नाय."

ते ऐकून सीताबाईला आपली गोष्ट आठवली. ऋत्विकची त्याच कंपनीतली जागा तिने स्वतः मिळवली होती. ठेकेदाराच्या दारात उभी राहिली, नाय ऐकायला आलेच नाय म्हणाली आणि कबूल करून घेऊनच हलली. उद्या ऋत्विकचा पहिला दिवस. आज सकाळी ठेकेदाराचा माणूस हेल्मेट घरपोच देऊन गेला. अख्ख्या आळीत कुणाला दिलं होतं घरपोच? तिने ते देव्हाऱ्यापुढे ठेवलं, तेलात कालवून कुंकू लावलं, हळद लावली. मग नळावर जाऊन समोरच्या शकूला सांगून आली. शकूचा धनेश आयटीआय करून घरी बसलेला. शकूने हंडा अर्धाच भरला नि निघून गेली. निकेश तेव्हा रात्रपाळी करून झोपला होता.

"घालून दाखव भावाला," ती म्हणाली.

ऋत्विकने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा ओढला. पट्टा जिथे तुटला होता तिथे जाळं विणायच्या निळ्या दोऱ्याने गाठ मारलेली होती. सकाळी ती गाठ बघून सीताबाईला कौतुक वाटलं होतं, कंपनी दोरीसुद्धा बांधून देते.

निकेशने वळून बघितलं आणि हेडफोन उतरवला.

"काढ ते."

"का? आईने देवापुढे..."

"ती गाठ आदेशने मारली. माझ्यासमोर, डबा खाताना." तो पुन्हा टीव्हीकडे वळला. "वर काढला तेव्हा डोक्यावर हेच होतं."

ऋत्विकने हेल्मेट काढलं आणि कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरलं.

"तुला ठाऊक होतं? ही जागा त्याची ते?" सीताबाईने थोरल्याला विचारलं.

"दुसरी कुठून येणार होती, आये?"

तिने हेल्मेट ओढून घेतलं आणि पदराने कुंकू पुसायला लागली. तेलातलं कुंकू पसरलं फक्त. ती अजून पुसतच होती, तेव्हा गेटपाससाठी ऋत्विकचे फोटो न्यायला ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून दारात आला.

सीताबाई ओट्यावर गेली. आळीला ऐकू जाईल असा तिचा आवाज, पण आज तो खाली होता.

"घेऊन जा हे. माझा ऋत्विक येणार नाय."

त्याने कारण विचारलं नाही. हेल्मेट घेऊन हँडलला अडकवलं.

"बरं. निकेश येतो ना पण उद्या? का तीही जागा भरायची?"

रामवाडीत भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बाईने मान हलवली. येतो.

त्याने गाडी चालूसुद्धा केली नाही. पायाने ढकलत समोर शकूच्या अंगणात नेली. सीताबाई ओट्यावरच उभी राहिली. एक हाक मारली असती तर शकूला ऐकू गेली असती. घरात टीव्हीवर पुन्हा बँड वाजला.

मग समोरून शकूचा आवाज आला, लेकीला सांगताना मुद्दाम मोठा केलेला.

"भाविका, आरतीचं ताट आण गो. धनेशला नोकरी लागली. आणि कुंकू नको आणू, ते लावूनच पाठवलंय. देवभोळी माणसं हायत गो कंपनीची."