नकाराची बांधणी

“बाबांच्या बाबतीतली तुझी काळजी मी अगदी पूर्णपणे समजू शकतो,” नवरा म्हणाला, आणि बायकोच्या मनात पाल चुकचुकली.

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी पूर्णपणे समजून घेतले नव्हते. तो चिडे, टोमणे मारी, कधी मुकाट्याने ऐकून घेई. त्यात तिला धोका वाटत नसे. आजचे वाक्य मराठी होते, पण त्याचे सांधे परके होते आणि ते तिच्या चांगल्या ओळखीचे होते.

तक्रार घेऊन फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत कसे बोलावे, हे तो एका कंपनीच्या नव्या नोकरदारांना शिकवीत असे. घरूनच, या लहान खोलीतल्या संगणकासमोर बसून. भिंत पातळ होती. पलीकडे कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचाही अभ्यासक्रम पुरा झाला होता. आधी ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड’. मग ‘अनफॉर्च्युनेटली’. त्यानंतर एक लांबलचक वाक्य, ज्यात धोरणे असतात, परिस्थिती असते, मर्यादा असतात. माणूस मात्र औषधालाही नसतो. ‘आत्ता’ एवढ्याशा अर्थाला ‘ॲट धिस पॉइंट इन टाइम’ असे पाच शब्द, कारण शब्द वाढले की ऐकणारा उशिरा चिडतो. शेवटी आभार. “नकार शब्दात ठेवू नका, मांडणीत ठेवा,” असे तो अभिमानाने सांगे. एखाद्याच्या तोंडून ‘नो’ निसटला की त्याचे गुण कापी.

सौजन्याचा एवढा मोठा कारखाना उभारायचा आणि त्यातून फक्त बंद दारे बाहेर काढायची, ही कामगिरी सामान्य नव्हे.

तिच्या वडिलांना आज संध्याकाळी रुग्णालयातून सोडणार होते. खुब्याचे हाड बसवले होते; जिने चढून आपल्या घरी एकटे राहणे आता त्यांना शक्य नव्हते. ते इथे येतील, याच खोलीत राहतील, असा शब्द नवऱ्यानेच दिला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, त्यांच्या उशाशी बसून. म्हणून ती लोखंडी पलंग बैठकीतून आत सरकवत होती, आणि तो चौकटीत अडकला होता. ती दाराबाहेर, नवरा आत, मध्ये पलंग.

“पुढचं वाक्य बोल,” ती म्हणाली.

तो क्षणभर गोंधळला. मग बोलू लागला. कामाच्या वेळा होत्या. जागेची मर्यादा होती. बाबांच्याच सोयीसाठी सगळ्या पर्यायांचा विचार व्हायला हवा होता. एका चांगल्या शुश्रूषागृहाचा उल्लेख झाला. तो नेमका कोणी केला, हे कळायची त्या वाक्यात सोय नव्हती.

“म्हणजे बाबांना इथे आणायचं नाही.”

“मी नाही कुठे म्हणालो?”

“तेच तर. म्हण ना. एकदा स्वच्छ नाही म्हण, म्हणजे त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण हे असलं गोड बोलून त्यांना वाटेला लावू नकोस. ते साधे आहेत रे. वर तुझेच आभार मानतील.”

त्याने तोंड उघडले. इतरांच्या जिभेवरून इतकी वर्षे खरवडून काढलेला तो शब्द त्याला स्वतःच्या तोंडातही सापडेना. ‘होय’ तर त्याने शोधूनच पाहिला नाही.

अखेर तो पुढे आला, वाकला आणि पलंगाचे आतले टोक त्याने दोन्ही हातांनी धरले. आत ओढणार की बाहेर ढकलणार, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. तिने आपले टोक सोडले नाही.